जुने घड्याळ : ओळख, निवड आणि नोंद



गेल्या जानेवारीत आपल्या शाळेची तुकडी पानिपतला गेली होती. १४ जानेवारीला काला आंबच्या स्मारकाला मानवंदना दिली. दुसऱ्या दिवशी दिल्लीकडे निघायला दुपार होणार होती, म्हणून तुमच्यापैकी चौघे माझ्याबरोबर जुन्या बाजारात आले. तिथे एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या टपरीवर आमचा पाऊण तास गेला. त्या पाऊण तासावरून हा पाठ लिहीत आहे.

माझ्या मनगटावर वडिलांचे एचएमटी 'जवान' असते. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून १९८४ साली निवृत्त झाले. सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांआधी वेळेचे ठोके पडत, त्यावर ते घड्याळ लावत आणि लगेच चावी देत. २००७ साली त्याची काच तडकली. मी ते एका दुकानात दिले आणि सांगितले, "अगदी नव्यासारखं करून द्या." आठ दिवसांनी घड्याळ लखलखत परत आले. वडिलांनी ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "छान झालंय रे. पण माझं कुठाय?"

दुकानात जुनी तबकडी खरवडून पुन्हा रंगवली होती. पिवळट पडलेले आकडे, चारच्या आकड्याजवळचा उडालेला टवका, सगळे गेले होते. दुकानदाराला तरी काय बोलणार? 'नव्यासारखं' हा शब्द माझाच होता.

पानिपतच्या घड्याळजीने डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण उघडले आणि म्हणाला, "मशीन असली है, चेहरा नहीं." तुमच्यातल्या एकाने विचारले, "सर, यांना इतक्या लवकर कसं कळलं?" त्याचे उत्तर पुढे देत आहे.

थोडी पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक पुरुष खिशातले घड्याळ वापरत. खंदकात एक हात घड्याळ काढण्यात गुंतवणे परवडेना, म्हणून सैनिकांनी ते मनगटावर बांधले आणि युद्धानंतर तीच रीत नागरिकांत पसरली. आपल्याकडे एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळे बनवायला सुरुवात केली. 'जनता', 'पायलट', 'जवान' ही त्यातली चावीची घड्याळे. पुढे क्वार्ट्झ घड्याळे आली आणि चावी मागे पडली. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. मागणी मात्र आहे. म्हणूनच रंगवलेली आणि जुळवलेली घड्याळे बाजारात फार आहेत. जगभरचे संग्राहक अशा रंगवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हे नाव आपल्याला भूषणावह नाही.

ओळखण्याच्या चार जागा

१. तबकडी : भिंगातून अक्षरे पाहा. कारखान्यातली छपाई बारीक आणि रेखीव असते. पुन्हा रंगवलेली अक्षरे जाड, कडेला फुटलेली, कधी तिरकी असतात. मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या बरोबर समोर येतात का तेही तपासा. चाळीस वर्षांच्या घड्याळाचा भडक लाल किंवा निळा चेहरा दिसला की सावध व्हा.

२. काटे : मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचला पाहिजे. आखूड असेल तर तो दुसऱ्या घड्याळाचा. काट्यांवरचा आणि आकड्यांवरचा चमकता लेप एकाच वयाचा, म्हणजे साधारण एकाच छटेचा दिसावा.

३. मागचे झाकण : त्यावरची कोरीव अक्षरे आणि क्रमांक वाचता आले पाहिजेत. पुसट झाले असतील, तर घड्याळ पॉलिशवर जोरात घासले गेले आहे.

४. यंत्र : झाकण घड्याळजीकडूनच उघडवा. तबकडीवर एका कंपनीचे नाव आणि आत दुसऱ्याच कंपनीचे यंत्र, असा प्रकार सर्रास आढळतो.

एक इशारा : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी घड्याळांच्या चमकत्या आकड्यांत रेडियम असे. चमक विझली तरी किरणोत्सर्ग विझत नाही. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. असे घड्याळ स्वतः उघडू नका, लेप खरवडू नका.

निवड कशी करावी

पहिले घड्याळ स्वस्त, साधे आणि दुरुस्त होणारे असावे. तारीख-वार दाखवणारी गुंतागुंत नको. चावी देताना हाताला खरखर लागू नये. घेण्याआधी शक्य असेल तर एक दिवस चालवून पाहा. अशी घड्याळे सहसा सेकंदाला पाच ठोके देतात, म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके. एवढे करून ३० सेकंद चुकले, तर ती चूक ८६,४०० सेकंदांत ३०, म्हणजे सुमारे ०.०३५ टक्के. जुन्या यंत्राला एवढे माफ करावे. क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. अचूकतेत त्याच्याशी स्पर्धा नाही. चावीचे घड्याळ घ्यायचे ते रोज त्याच्याकडे लक्ष द्यायची सवय लागावी म्हणून.

आणि नोंद

आता पुन्हा टपरीकडे. घड्याळजीच्या डब्यात आणखी एक 'जवान' निघाले. बंद पडलेले, पण तबकडी मूळची, पिवळट पडलेली. तो म्हणाला, "हा चेहरा तुमच्या घड्याळाला बसवून देतो. कुणाला कळणार नाही." तुम्ही चौघे माझ्याकडे पाहत होतात. खरे सांगतो, मला मोह झाला. वडील आज नाहीत. तसा चेहरा पुन्हा मनगटावर दिसला असता. पण टवका उडालेला तो चार त्यावर नव्हता. ती दुसऱ्या कुणाची तरी तबकडी होती, आणि ती काढून मी एक चांगले घड्याळ मोडून दुसरे खोटे घड्याळ तयार केले असते. पानिपतचे कारखाने जुन्या लोकरी कपड्यांचे सूत करून नवी ब्लँकेटे विणतात. लोकरीला ते चालते. जुन्या घड्याळाचे तसे करू नये.

मी ते बंद 'जवान' आहे तसे विकत घेतले आणि तबकडीला हात न लावता फक्त यंत्र दुरुस्त करून घेतले. वडिलांच्या घड्याळाच्या डबीत एक कार्ड ठेवले : 'यंत्र मूळचे. तबकडी २००७ साली माझ्या सांगण्यावरून रंगवली.' खाली सही. हे घड्याळ पुढे ज्याच्या हाती जाईल, तो फसणार नाही.

सुट्टीतला गृहपाठ

घरी कपाटात, ट्रंकेत, आजोबांच्या डबीत एखादे जुने घड्याळ असेलच. पालकांची परवानगी घेऊन ते बाहेर काढा. पुसायला कोरडे मऊ फडके पुरे. घड्याळ कुणाचे, केव्हा घेतले, कोणी बांधले, काय बदलले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कार्डावर लिहा. ठाऊक नसेल तिथे 'माहीत नाही' असेच लिहा. सुट्टीनंतर पहिल्या शनिवारी कार्डे माझ्याकडे आणा. घड्याळे घरीच राहू द्या.