कळसूबाईची चढण

आमचा नातू कॉलेजात शिकतो. दसऱ्याच्या सुटीत, नवमीला, तो मित्रांबरोबर कळसूबाईला गेला. अहिल्यानगर जिल्ह्यातले हे शिखर १६४६ मीटर उंच. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. पायथ्याला बारी गाव आहे. तिथून पायवाट लागते, पुढे कड्याला लोखंडी शिड्या.

एका शिडीवर अर्ध्यात मित्राचे पाय लटपटू लागले. मागचे लोक घाई करीत होते. नवरात्रात वर देवीची जत्रा भरते ना! नातू म्हणाला, "देवी कुठे पळत नाही. एकेक पाय खाली टाक." मित्राला उतरवून पाणी पाजले. दोघे तिथूनच परतले. जत्रा हुकली.

आम्हाला पोरगा शहाणा वाटला. त्याची आजी मात्र म्हणते, नवस राहिला!

दुसऱ्या दिवशी गावात आपट्याचे सोने वाटायला दोघेही होते.