जुन्या शेलचा रंग पाहून नवे शेल घ्यावेत का?

प्रश्न : जुन्या होंडा सीबी ७५०चे इंजिन उघडले आहे. कनेक्टिंग रॉडला पूर्वीच्याच रंगाचे बेअरिंग शेल बसवू का?

उत्तर : घाई करू नका. शेलवरचा रंग त्याची जाडी सांगतो, तुमच्या क्रँकपिनची झीज नाही. रॉडवरची आणि क्रँकवरची खूण मॅन्युअलच्या तक्त्यात जुळवून रंग ठरतो; पण या खुणा कारखान्यातल्या, इंजिन नवे असतानाच्या. म्हणून पिन मायक्रोमीटरने मोजाच. मग शेल कोरडे बसवून प्लास्टिगेजची पट्टी ठेवा, कॅप मॅन्युअलच्या टॉर्कने आवळा आणि त्या वेळी क्रँक अजिबात फिरवू नका. पट्टी पुसली गेली, तर माप खोटे येते. पट्टीने मोजलेली पिन आणि शेलमधली फट मॅन्युअलच्या मर्यादेत हवी. हा हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा असतो. पिनवर नखाला लागणारे ओरखडे असतील, तर जाड शेल हा उपाय नव्हे, क्रँकच बदला.