राजधानीचा मुक्काम, कासची सकाळ

प्रश्न : सांगलीहून दोन दिवसांत सातारा, कास आणि महाबळेश्वर जमेल का?

उत्तर : जमेल, पण महाबळेश्वर वगळा. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक झालेले सातारा शहर वाटेवरचा थांबा म्हणून उरकण्याजोगे नाही. शिवाय कासचा रस्ता यवतेश्वरावरून जातो आणि सज्जनगड-ठोसेघरचा वेगळा. दोन्ही साताऱ्यातूनच फुटतात. म्हणून मुक्काम शहरातच ठेवा. पहिल्या दिवशी ठोसेघरचा धबधबा, परतताना सज्जनगड. दुसऱ्या दिवशी सकाळी कास, मग अजिंक्यतारा. ‘एवढे आलोच आहोत तर’ हा आपला आवडता युक्तिवाद इथे टिकत नाही. कासची फुले बोटाच्या पेराएवढी; सीतेची आसवे तर खाली बसूनच दिसतात. घाईत फक्त रंगीत गालिचा दिसेल. ऊन-पावसावर बहर अवलंबून असल्याने तारीख कुणी छातीठोक सांगू शकत नाही. साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा आरंभ धरा. रविवारीच सुट्टी मिळते आणि गर्दीही तेव्हाच असते, ही अडचण खरी. मग पहिल्या वेळेचे ऑनलाइन आरक्षण घ्या. हंगामात प्रवेशसंख्येवर मर्यादा असते, त्यामुळे आरक्षण मिळाल्यावरच खोली ठरवा.