घटक ४ : कथनातील तपशील आणि चित्रदर्शी वर्णन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला –
• विधान आणि वर्णन यांतील फरक सांगता येईल.
• कथेला आवश्यक तपशील कसा निवडावा, हे स्पष्ट करता येईल.
• स्वतःच्या परिसरातील अनुभव नेमक्या शब्दांत मांडता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, 'आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे?' असा प्रश्न अनेक प्रौढ विद्यार्थी विचारतात. बहुधा उणीव अनुभवाची नसते. रोज डोळ्यांसमोर असलेले आपण मोजक्या ठरीव शब्दांत गुंडाळून टाकतो, ही खरी अडचण असते. या घटकात शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील उदाहरणांच्या आधारे तिचा विचार करू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ विधान आणि वर्णन

पुढील दोन नमुने वाचा.

(अ) शहापूर तालुक्यातील त्या पाड्यावर उन्हाळ्यात तीव्र पाणीटंचाई होती. स्त्रियांना फार कष्ट पडत.

(आ) टँकर आला तेव्हा विहिरीच्या काठावर हंडे केव्हाचे रांगेत लागले होते. टँकरचे पाणी विहिरीत पडले आणि तळाचा गाळ वर आला. थोरलीने पोहरा ओढला, पदराची दुहेरी घडी हंड्याच्या तोंडावर धरून पाणी गाळले आणि पोहऱ्यात उरलेले घोटभर पाणी धाकटीच्या ओंजळीत ओतले.

पहिल्या नमुन्यातील 'तीव्र' आणि 'फार' हे शब्द लेखकाचा निष्कर्ष सांगतात; वाचकाने तो मान्य करायचा एवढेच. दुसऱ्या नमुन्यात 'टंचाई' हा शब्दच नाही. रांगेतले हंडे प्रतीक्षा सांगतात, पदराची घडी रोजची सवय सांगते आणि ओंजळीतला घोट पाण्याचे मोल सांगतो. निष्कर्ष वाचक स्वतः काढतो, म्हणूनच तो त्याच्या मनात टिकतो.

१८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरण आणि नंतरचे भातसा धरण ही दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा येथून जातो आणि याच तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ही विसंगती कथेत आणण्यासाठी भाष्याची गरज नाही. हंडे घेऊन परतणाऱ्या बायका मुंबईकडे जाणाऱ्या जलवाहिनीच्या सावलीत क्षणभर टेकल्या, एवढे दाखवले तरी पुरे.

४.३.२ तपशिलाची निवड

सर्व काही नोंदवले म्हणजे वर्णन होत नाही. पावसाच्या तोंडावर मुरबाडच्या बाजारात शेवळे येतात. ही रानभाजी काकडाच्या फळांसोबत शिजवतात. एरवी ती घशाला खाजते. समजा, शहरातून आलेली नवी सून शेवळे आणते, पण काकडे आणत नाही. सासू काही न बोलता कोनाड्यातली चार फळे काढून तिच्यासमोर ठेवते. सुनेचे परकेपण आणि सासूचा स्वभाव या एका तपशिलातून कळतो. दहा रानभाज्यांची यादी दिली असती, तर माहिती वाढली असती. कथा तेथेच थांबली असती.

तपशील गाळून पाहिल्यास कथेचे काही बिघडते का, ही त्याची कसोटी होय.

४.३.३ नेमका शब्द

बोलीतील शब्दात कामाची पद्धत साठलेली असते. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा व शेण पसरून जमीन भाजतात, तो 'राब'. कारवीच्या काठ्यांची, शेणामातीने लिंपलेली भिंत म्हणजे 'कूड'. त्याऐवजी 'झोपडीची भिंत' म्हटले, की कारवी, लिंपणारा हात आणि ऋतू हे सारे नाहीसे होते. असा शब्द 'अशुद्ध' समजून गाळू नका. त्याचा अर्थ संदर्भातून उलगडेल अशी वाक्यरचना करा.

४.३.४ परंपरा आणि साक्ष

संस्कृत साहित्यशास्त्राने वस्तूच्या यथातथ्य, जिवंत वर्णनाला 'स्वभावोक्ती' आणि भूत-भविष्यातील गोष्ट प्रत्यक्षवत् करण्याला 'भाविक' हा अलंकार म्हटले. आधुनिक मराठीत व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) मध्ये माणसे त्यांच्या कृतींतून व लकबींतून उभी राहतात.

तपशिलाचे आणखी एक कार्य म्हणजे साक्ष. कल्याण-कसारा मार्गावरील टिटवाळा येथे १९४५ साली किसान सभेचे अधिवेशन झाले. त्यानंतर तत्कालीन ठाणे जिल्ह्यात वारल्यांचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) मध्ये वेठ आणि लग्नाच्या कर्जापायी येणारी गुलामी यांची हकीकत नोंदवली. या ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. 'शोषण' या शब्दावर वाद घालता येतो. कोणाला, कोणत्या कामासाठी, कशाच्या बदल्यात राबवले हे सांगितले की ते सहजासहजी नाकारता येत नाही.

मात्र साक्ष देणाऱ्यावर जबाबदारीही असते. दारिद्र्याचे प्रदर्शन मांडणारा तपशील माणसाला लहान करतो. ज्याच्याविषयी लिहिले, त्याने ते ऐकले तर त्याला स्वतःची ओळख पटेल का, हे स्वतःला विचारा.

४.४ सारांश

विधान निष्कर्ष सांगते, तर वर्णन वाचकाला निष्कर्षापर्यंत नेते. त्यासाठी मोजका, कथेला आवश्यक तपशील आणि नेमका शब्द हवा. असा तपशील सौंदर्य निर्माण करतो आणि साक्षही देतो.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. नमुना (अ) व (आ) यांची तुलना करा.
२. 'स्वभावोक्ती' आणि 'भाविक' यांचा कथनाशी असलेला संबंध स्पष्ट करा.

४.६ उपक्रम

तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या जुन्या कामातील एका अवजाराचे नाव आणि उपयोग विचारा. त्यावर दहा ओळी लिहा. 'खूप', 'फार', 'सुंदर', 'भयंकर' हे शब्द वापरू नका. लिहिलेले त्यांनाच वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेली दुरुस्ती वहीत नोंदवा.