आपली फजिती, आपले हसू

मोठेपणी अक्षरे शिकायची लाज वाटते. चुकलो तर लोक हसतील, असे मनात येते. मग कागद आला, की आपण अंगठाच पुढे करतो.

पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांनी उभ्या महाराष्ट्राला हसविले. 'असा मी असामी' हे त्यांचे पुस्तक १९६४ साली निघाले. त्यातला धोंडो भिकाजी जोशी हा मुंबईचा साधा कारकून. तो आपली गोष्ट आपणच सांगतो. लग्न झाले, संसार झाला; तरी जगाच्या नव्या रीती त्याला उमगत नाहीत. तो बावरतो, फजीत होतो. पण लपवीत नाही. वाचणाऱ्याला वाटते, 'अरे, हा तर मीच!'

आपली फजिती आपणच सांगितली, की लोकांच्या हसण्याचे भय उरत नाही.

केळीचा घड केव्हा कापायचा, हे तुम्हांला कळते ना? तेही पहिल्या दिवशी कळले नव्हते. अक्षरांचेही तसेच आहे.

जळगावला किंवा धुळ्याला गेलात, तर वाचनालयात हे पुस्तक मागा. रोज एक पान मोठ्याने वाचा. अडलात तर हसा, आणि पुढे चला.

प्रश्न :
१. धोंडो भिकाजी काय लपवीत नाही?
२. तुमची एक फजिती वर्गात सांगा. मग ती दोन ओळींत लिहा.