सौसरचे मँगनीज आणि लिथियमचा विद्युत्घट

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा व सौसर हे तालुके 2023 पासून पांढुर्णा या स्वतंत्र जिल्ह्यात मोडतात. संत्री आणि कापूस यांसाठी हा मुलूख प्रसिद्ध आहेच. परंतु भूशास्त्रात सौसरचे नाव निराळ्या कारणाने रूढ झाले. येथून नागपूर, भंडारा व बालाघाटपर्यंत पसरलेल्या, मँगनीजचे साठे असलेल्या प्राचीन खडकांना ‘सौसर समूह’ म्हणतात. मँगनीजचा बहुतांश भाग पोलादाच्या कामी येतो. तथापि टॉर्चच्या जुन्या घटात जी काळी पूड आढळते, तीत मँगनीज डायऑक्साइडच असतो. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे मॉइल ही सरकारी कंपनी तो शुद्ध स्वरूपात तयार करते.

टॉर्चचा घट एकदा संपला की संपला, कारण त्यातील जस्त खर्ची पडते. लिथियम-आयन घटाची रचना वेगळी आहे. त्याच्या ऋण बाजूस ग्रॅफाइट, धन बाजूस धातूचा ऑक्साइड आणि मध्ये लिथियमच्या क्षारयुक्त द्रवात भिजलेला सच्छिद्र पडदा असतो. बागाईतदाराने फवारणी पंपाचे बटण दाबताच ग्रॅफाइटच्या पदरांत बसलेले लिथियम आपला इलेक्ट्रॉन सोडते आणि आयन होऊन पडद्यापलीकडे जाते. इलेक्ट्रॉनांना ती वाट बंद असते. त्यांना तारेतून, पंपाच्या मोटारीतून वळसा घ्यावा लागतो. त्या वळशातच पंप चालतो. चार्जर लावला की हाच प्रवास उलट दिशेने होतो. ऑक्साइडची चौकट न मोडता लिथियमला आत-बाहेर करू देते, हे या घटाचे खरे मर्म होय.

ही चौकट 1980 मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्टची सुचविली. कोबाल्ट महाग आणि दुर्मिळ. म्हणून 1983 मध्ये त्यांनी व मायकेल थॅकरे यांनी मँगनीजची चौकट पुढे आणली. ती स्वस्त व तुलनेने सुरक्षित ठरली. उणीव एकच, पण आपल्याकडे ती मोठी: उष्णता वाढली की मँगनीज हळूहळू द्रवात विरघळते आणि घटाचे आयुष्य घटते.

म्हणून मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात ठेवून घट चार्ज करणे घातक आहे. घट तापला असल्यास निवू द्यावा. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा चार्जर याला कदापि लावू नये. प्रत्येक घटाचा दाब साधारणतः 4.2 व्होल्टच्या वर गेला तर आतील द्रव बिघडतो, घट फुगतो आणि प्रसंगी पेट घेतो. फुगलेला घट टोचणे किंवा चुलीत टाकणे म्हणजे आगीला आमंत्रणच.

निकामी घट उकिरड्यावर टाकण्याचेही कारण नाही. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ते गोळा करून पुनर्वापरास नेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. अशा घटातील लिथियम, कोबाल्ट आणि मँगनीजही पुन्हा काढता येते.