लकव्याआधी छातीत कळ आली होती का?

लकव्याचा रोगी दिसला की आपले लक्ष त्याच्या वाकड्या तोंडाकडे आणि लुळ्या हाताकडे जाते. पण काही रोग्यांत मूळ दुखणे डोक्यात नसून छातीत असते. सेविका-भगिनींनो, आजचा पाठ त्यांच्याविषयी आहे.

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिच्या भिंतीला तीन पदर असतात. वर्षानुवर्षे बीपी वाढलेले राहिले की भिंत कमकुवत होते आणि एखाद्या दिवशी आतला पदर चिरतो. चिरेतून रक्त पदरांमध्ये घुसते आणि जुन्या गोधडीचे अस्तर उसवावे तशी भिंत उसवत जाते. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या तिथूनच फुटतात. उसवण त्यांच्यापर्यंत पोचली की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. उजवीकडची धमनी अधिक वेळा सापडते, म्हणून लकवा बहुधा डाव्या अंगावर येतो.

कळ अचानक येते आणि पहिल्या क्षणापासूनच जोराची असते. छातीत किंवा पाठीत काहीतरी फाटल्यासारखे वाटते. घरचे म्हणतात, गॅस झाला, रोवणीत पाठ धरली. मग वाचाच गेली तर छातीत दुखत होते हे सांगणार कोण? म्हणून घरच्यांना विचारा. काही म्हाताऱ्यांना मात्र कळ येतच नाही, नुसती शुद्ध हरपते.

हे विचारणे का महत्त्वाचे? रक्ताची गाठ अडकून झालेल्या लकव्यात साडेचार तासांच्या आत गाठ विरघळवणारे इंजेक्शन देता येते. महाधमनी चिरलेली असताना तेच इंजेक्शन जीव घेऊ शकते. अ‍ॅस्पिरिनची गोळीसुद्धा आपल्या मनाने देऊ नका.

दोन्ही हातांचे बीपी मोजा. वरच्या आकड्यात २० किंवा अधिक फरक असेल, एका मनगटाची नाडी मंद लागत असेल, तर संशय घ्या. फरक नसला तरी संशय सोडू नका. दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहा, कळ किती वाजता आली तेही लिहा आणि चिठ्ठी १०८ च्या डॉक्टरांच्या हातात द्या. निदान सीटी स्कॅनने होते. हृदयाजवळची चीर असेल तर शस्त्रक्रिया लागते. त्यासाठी भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन रोगी दगावतात, म्हणून तेल चोळत बसायला वेळ नाही.

‘म्हातारपण आहे, कुठे नेता’ असे कोणी म्हणेलच. या शस्त्रक्रियेची वाट घालून देणारे अमेरिकेतील डॉ. मायकेल डिबेकी यांना स्वतःलाच २००५ च्या अखेरीस हा आजार झाला, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. २००६ मध्ये त्यांच्यावर तीच शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते दोन वर्षांहून अधिक जगले.

या तिमाहीत आपल्या पाड्यावरील साठीपुढच्या प्रत्येकाचे बीपी मोजून वहीत नोंदवा. गोळ्या मध्येच कोणी सोडल्या, त्यांची नावे वेगळ्या पानावर लिहा.